रामटेके मॅडम, एक चूल आणि एक टेबल

सरकारी दवाखान्यात दोन गोष्टी फार लवकर साठतात. एक जुने केसपेपर आणि दुसरे किस्से. केसपेपरांना निदान उंदीर तरी खातात, किस्स्यांना तेही तोंड लावत नाहीत! म्हणून किस्से उरतात. आज सकाळी बाळंतपणाचं टेबल पुसता पुसता मला त्यातलाच एक आठवला आणि मी एकटीच हसले. नवी नर्स म्हणाली, "काय झालं हो रेखाताई?" म्हटलं, एक सांगितला तर बाकीचे रांग लावून उभे राहतात बाई, त्यापेक्षा सगळे लिहूनच काढते.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्री परिचर आहे. परिचर म्हणजे झाडणं, पुसणं, उकळणं, धरणं आणि धीर देणं. शिक्षण दहावी. किस्से सगळे आमच्या रामटेके मॅडमचे. त्या डॉक्टर आहेत आणि अर्थशास्त्राच्याही डॉक्टर आहेत. राज्यात दवाखाने कुठे असावेत, कसे चालावेत हे जे चारदोन लोक ठरवतात त्यांच्यात आज त्या बसतात. टीव्हीवर दिसल्या की आमच्या गावात शेजारी शेजाऱ्यांना हाका मारतात, "अवं, आपल्या मॅडम आल्या, लवकर ये!" पण त्यांची पहिली नोकरी आमच्याकडची. हे आम्ही कोणाला विसरू देत नाही.

*

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी मॅडम आल्या. आमच्याकडे तेव्हा बरेच महिने डॉक्टर नव्हता. औषधं देणारे पटले भाऊच केसपेपर काढायचे आणि तेच नंबर द्यायचे. नंबर म्हणजे औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर निळ्या पेनाने आकडा.

त्या दिवशी एसटीतून एक बारकीशी मुलगी उतरली. साधा सलवार-कुडता, हातात पत्र्याची पेटी. ती खिडकीशी आली आणि काही बोलणार, तेवढ्यात पटले भाऊंनी मान वर न करता तिच्या हातात पुठ्ठा ठेवला. "बस तिकडे. नर्सबाई तपासतील. आवाज दिल्यावर येजो."

मुलगी बाकावर बसली. शेजारच्या म्हातारीशी गप्पा मारल्या, एका लेकराचं नाक पुसलं. तास-दीड तासाने तिचा नंबर आला.

पटले भाऊ केसपेपरवर पेन टेकवून, "नाव?"

"डॉक्टर रामटेके."

"डॉक्टरचं नाव नाही बाई, तुह्यं नाव सांग."

"तेच सांगून राहिली. मी इथली नवी मेडिकल ऑफिसर."

पटले भाऊंचा पेन जो खाली पडला तो टेबलाखालून मलाच काढून द्यावा लागला. ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, आधीच सांगायचं ना जी!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नंबर यायचा होता ना!"

*

त्या पुठ्ठ्याची त्यांनी मग शिस्तच करून टाकली. फक्त रक्त वाहणारा, बेशुद्ध आणि बाळंतीण, एवढ्या तिघांना नंबर नाही. बाकी सगळ्यांना आहे.

एकदा भागातले एक मोठे पुढारी आले. मागे चार माणसं, पुढे पोट. "मॅडमला सांगा मी आलो." मी सांगितलं. आतून पुठ्ठा आला. साहेब लाल झाले, पण बाहेर एवढी माणसं बघत असताना जाणार कसे? बसले. शेजारी त्यांच्याच शेतावर कामाला जाणारी एक बाई बसली होती. ती आधी उठून उभी राहिली, मग पाय दुखले तशी परत बसली. तिचा नंबर आधी आला. जाताना ती त्यांना म्हणाली, "येतो जी मालक. तुमचा बी येईल, घाबरू नका!"

आम्हाला वाटलं, आता मॅडमची बदली. पण दुसऱ्या दिवसापासून पुढारी गावभर सांगत फिरले, "मी दीड तास बसलो! लाईनीत! असा माणूस दाखवा दुसरा!"

*

आता टेबलाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या टेबलापाशीच येतं.

आमच्या बाळंतपणाच्या खोलीत एक लोखंडी टेबल होतं, त्यावर हिरवं रेक्झिन. मॅडम आल्या तेव्हा त्यावर ओआरएसची खोकी रचलेली. बाळंतपणाला बाई येतच नव्हती, तर टेबल तरी काय करणार? महिनाभरात वरून पत्र आलं. प्रसूतीचं प्रमाण फार कमी, सबब टेबल मोठ्या दवाखान्याकडे द्यावं.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, "रेखाताई, टेबल एकटं जात नसतं. टेबल गेलं की नर्स जाते. नर्स गेली की रात्रीचा दिवा जातो. मग नुसतं कुलूप राहते."

मी टेबलावरची खोकी सारखी करत राहिले. पावसाळ्यात आमच्या आणि मोठ्या दवाखान्याच्या मध्ये एक नाला आडवा येतो. माझी मोठी बहीण त्या नाल्याच्या अलीकडेच बैलगाडीत गेली, पोटातल्या बाळासकट. पाणी उतरायची वाट बघत होते सगळे. मॅडमना हे कोणी सांगितलं मला माहीत नाही. पण त्यांनी त्याच दिवशी वर लिहिलं, "सहा महिने द्या. नाही जमलं तर टेबल मी स्वतः आणून देते."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक पेशंटला एक विचित्र प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाडी नंतर, जीभ नंतर. आधी प्रश्न, "इथं यायला काय सोडून आलीस?"

लोक चक्रावले. एक म्हणाली, "शेळी सोडून आली जी. सुटली असंल तर शेजाऱ्याची वांगी गेली!" दुसरी म्हणाली, "आजची रोजी सोडली." एक म्हातारा बराच विचार करून म्हणाला, "बिडी." आणि एक नवी सून इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "सासू सोडून आली. दोन घंटे लय बरं वाटून राहिलं!"

मॅडमनी रजिस्टरात पट्टीने एक रकाना आखला होता, "काय सोडून आले." सगळं लिहायच्या. पटले भाऊ मला म्हणाले, "चांगली शिकलेली पोरगी आहे, पण थोडी अशी..." आणि त्यांनी बोट डोक्याशी फिरवलं.

*

पोटुशा बाया तपासायला यायच्या, पण बाळंतपणाला येणार का म्हटलं की मान खाली. भीती? नाही. पैसे? सरकारी दवाखाना, पैसे नाहीतच. मग काऊन नाही?

उत्तर सुगंधाबाईंकडे निघालं. सुगंधाबाई मडावी आमच्या भागातल्या जुन्या दाई. अर्ध्या तालुक्याची नाळ त्यांनी कापली असेल. दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसायच्या, आत पाऊल ठेवायच्या नाहीत, कारण आधीच्या एका नर्सने त्यांना हाकललं होतं. मॅडम स्वतः जाऊन त्यांच्या शेजारी मातीत बसल्या आणि तोच प्रश्न विचारला, "आजी, बाई इथं बाळंतपणाला आली, तर काय सोडून यावं लागते तिला?"

सुगंधाबाईंनी पानाची पिंक टाकली. "चूल."

"म्हणजे?"

"बाळंतिणीले गरम पाणी लागते. शेक लागते. काढा लागते. तुह्या दवाखान्यात का आहे? फरशी! थंडीगार! लेकरू झालं का बाई कुडकुडत पडते. तिची सासू कोठी पाणी तापवंल, तुह्या टेबलावर?"

मॅडम कपडे झटकत उठल्या. मग म्हणाल्या, "आजी, चूल कुठे मांडू ते तुम्हीच दाखवा."

अशी आमच्या दवाखान्याच्या मागच्या पडवीत चूल आली. बाळंतपण नर्स आणि डॉक्टर करणार, पण उशाशी सुगंधाबाई बसणार. मागे सासू-आई पाणी तापवणार. पहिली आली ती चुलीच्या विश्वासावर आली. मग तिची जाऊ आली. मग जावेच्या माहेरची आली. ओआरएसची खोकी मी कपाटावर चढवली आणि टेबल घासून घासून चकचकीत केलं. सहा महिन्यांनी टेबल न्यायला गाडी आली तेव्हा त्यावर एक बाई कळा देत होती आणि दुसरी बाहेर फेऱ्या मारत होती. गाडीवाला दारातूनच म्हणाला, "मी चहा पिऊन येतो." तो अजून यायचा आहे!

*

पण दवाखान्यात चूल? हे वर कळल्याशिवाय राहते का! तपासणीला एक साहेब आले. पडवीत धूर बघून त्यांचा आवाज चढला, "हे आरोग्य केंद्र आहे की लग्नघर?"

मॅडम म्हणाल्या, "सर, आधी बसा. लांबून आलात."

सुगंधाबाईंनी त्याच चुलीवर चहा टाकला. आलं ठेचून, गूळ घालून. साहेबांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. आत एक बाळंतीण होती, तिची आई पाण्याची बादली घेऊन त्यांच्या समोरून गेली. साहेब बघत राहिले. मग विचारलं, "अजून आहे का चहा?"

शेरेबुकात काय लिहिणार, म्हणून पटले भाऊंना घाम फुटला होता. साहेब गेल्यावर पटले भाऊ, नर्स आणि मी वहीवर तुटून पडलो. साहेबांनी लिहिलं होतं, "पाणी तापविण्याची सोय समाधानकारक."

*

रोवणीच्या दिवसात मॅडमनी आणखी एक केलं. आमच्याकडे धानाची रोवणी बाया टोळीने करतात. एक बाई दवाखान्यात गेली तर तिची ओळ रिकामी राहते, टोळी बोल लावते. रकान्यात रोज तेच येऊ लागलं, "टोळी सोडून आली." मग मॅडमनी ओपीडी सकाळी सहाला लावली. बाया चिखलात उतरायच्या आधी इंजेक्शन घेऊन मोकळ्या!

एकदा एक दुसरे साहेब दहाला आले. बाहेर एकही पेशंट नाही. त्यांनी मॅडमना नोटीस दिली, ओपीडीच्या वेळेत पेशंट का नाहीत याचा खुलासा करा.

मॅडमनी एका ओळीत खुलासा पाठवला, "साहेब यायच्या आधी सगळे बरे होऊन कामाला गेले होते."

*

चार वर्षांनी मॅडम आम्हाला म्हणाल्या, "मी शिकायला जातेय. अर्थशास्त्र."

दवाखान्यात शोककळा पसरली आणि गावात चर्चा. डॉक्टर झाल्यावर पुन्हा कॉलेज? एकाने मला बाजारात गाठून हळूच विचारलं, "डॉक्टरकीत नापास झाल्या का जी?" दुसऱ्याचं म्हणणं, बँकेत नोकरी लागणार असेल. सुगंधाबाईंनी सरळ तोंडावर विचारलं, "हात चांगला आहे तुहा. मंग कायले जाऊन राहिली?"

मॅडम म्हणाल्या, "आजी, इथं एक चूल मांडायला मला तुम्ही भेटलात. बाकीच्या दवाखान्यांत कोण मांडणार? वरच्या लोकांना चूल समजत नाही, आकडा समजतो. चुलीचा आकडा कसा करायचा तेवढं शिकून येते."

सामान न्यायला त्यांचे वडील आले. आमच्याच तालुक्यातल्या प्रतापगडच्या पायथ्याकडचे. जन्मभर लोकांच्या धानाच्या बांध्यांत राबलेले, अंगावर पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा. पटले भाऊंनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, "बाबूजी, पोरगी डॉक्टर झाली, आता बस नाही का झालं?"

बाबूजी हसले. "आमच्या घरात मोजाले काही नव्हतं जी. म्हणून तिले लहानपणापासून मोजायचा शौक." मग म्हणाले, "अना भिंतीवर आपण ज्यांचा फोटो लावतो ना, त्यांनी बी हेच शास्त्र शिकलं होतं. मी का म्हणून नाही म्हणू?"

माझ्याही घरात भिंतीवर तोच फोटो आहे. त्या संध्याकाळी मी त्याला हार घातला तेव्हा माझ्या लेकीने विचारलं, "आई, आज काय आहे?" म्हटलं, "आज आपल्या मॅडम कॉलेजात चालल्या."

*

मॅडम शिकल्या. आधी आपल्याकडे, मग परदेशात. परत आल्या त्या मोठ्या होऊनच. पण विसरल्या नाहीत. नागपूरला एक मोठं प्रशिक्षण होतं, साऱ्या विदर्भातले डॉक्टर. मॅडमनी मला बोलावलं. मला वाटलं चहापाण्याला माणूस कमी पडला असेल, म्हणून मी जुनीच साडी नेसून गेले. तर मॅडमनी मला स्टेजवर खुर्ची दिली!

"या रेखाताई. 'काय सोडून आले' हा रकाना गेली कित्येक वर्षं यांनी चालू ठेवलाय."

खरंच ठेवला होता. नवी छापील रजिस्टरं आली, त्यांत तो रकाना नव्हता. मी प्रत्येक पानाच्या कडेला पट्टीने रेघ मारायची, केसपेपरांवरही. कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी बंद करा असंही म्हटलं नव्हतं!

मी दहा मिनिटं काय बोलले देव जाणे. खाली उतरल्यावर एक तरुण डॉक्टर वही घेऊन आला. "मॅम, तुमचं हे फील्डवर्क कोणत्या युनिव्हर्सिटीचं?"

म्हटलं, "जिल्हा परिषद हायस्कूल. दहावी. गणितात काठावर."

तो वहीत लिहूनही मोकळा झाला!

*

आता जरा लाजेची गोष्ट. पण सांगितल्याशिवाय पुढची समजणार नाही.

काही वर्षांपूर्वी स्वच्छ दवाखान्याची स्पर्धा आली. पटले भाऊंच्या निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेली. म्हणाले, "रेखा, जाता जाता एक बक्षीस घेऊ." आम्ही जिवाचं रान केलं. भिंती रंगवल्या, कुंड्या लावल्या, मागच्या पडवीला पांढरी टाइल बसवली. पांढऱ्या टाइलपुढे काळी चूल कशी दिसते! पटले भाऊंनी आणि मी, आम्ही दोघांनी आमच्या हातांनी ती फोडली. विटा मागे आंब्याखाली रचल्या. मीच वरून कुंडी ठेवली, शोभेची.

बक्षीस मिळालं! पहिलं! प्रमाणपत्राचा फोटो मॅडमनाही पाठवला. त्यांनी अभिनंदन कळवलं.

त्यानंतर बाळंतपणं हळूहळू कमी झाली. आम्ही म्हणायचो, लोक आता शहाणे झाले, खाजगीत जातात. सुगंधाबाई फार थकल्या होत्या, येणं बंद झालं होतं. खरं म्हणजे बाया परत घरीच बाळंत होऊ लागल्या होत्या. पण बक्षीस भिंतीवर होतं ना, त्यामुळे आमचं लक्ष भिंतीकडेच!

मग एक दिवस बातमी आली. ज्या केंद्रात बाळंतपणं फार कमी, तिथली खोली बंद करून नर्स आणि टेबल मोठ्या दवाखान्याला द्यायचं. जिल्ह्याच्या यादीत आमचं नाव वरच होतं. आणि नियम कोणाचा? खुद्द रामटेके मॅडमचा!

पटले भाऊ म्हणाले, "फोन लाव. आपलं केंद्र आहे त्यांचं, सूट देतील."

मी लावला. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रेखाताई, रिकाम्या खोलीत नर्स बसून राहिली तर भरलेल्या खोलीत एक बाई मरते. म्हणून तो नियम केला. माझं केंद्र म्हणून सूट दिली तर उद्या प्रत्येकाचं कोणाचं तरी केंद्र निघेल. यादीवर सही बुधवारी आहे. गोंदियाला मीटिंग आहे, मी येतेय."

बरोबरच होतं ते. तरी फोन ठेवल्यावर मी टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि मला तो नाला दिसला.

*

बुधवार उजाडला. आमच्याकडे तेव्हा काळे डॉक्टर नवे होते, लातूरकडचे. येऊन चार महिने झाले होते, मॅडमना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. ओपीडी भरली होती. पटले भाऊ खिडकीशी. मी आत विजेच्या भांड्यात अवजारं उकळायला ठेवून, चिमटा हातात तसाच घेऊन बाहेर आले आणि जागीच थबकले.

बाकावर मॅडम! साधी सुती साडी, केस जरा पांढरे, आणि हातात पुठ्ठ्याचा नंबर! पटले भाऊंनी दुसऱ्यांदा तीच चूक केली होती. मान वर न करता पुठ्ठा दिला होता. मॅडमनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

त्यांच्या शेजारी एक पोटुशी बाई बसली होती, सात-आठ महिन्यांची. मॅडम तिला विचारत होत्या, "बाळंतपणाला इथंच येशील ना?"

"नाही जी. घरीच."

"काऊन वो? टेबल आहे, नर्स आहे. किती स्वच्छ आहे बघ!"

"स्वच्छ आहे ना जी. लयच स्वच्छ आहे. पाणी कोठी तापवाव? माह्या सासूच्या वेळेस इथं चूल होती म्हणते. आता कुंडी आहे."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

मॅडमनी पडवीकडे बघितलं, मग आंब्याखालच्या कुंडीकडे.

तेवढ्यात त्यांचा गोंदियाचा ड्रायव्हर, राजूभाई, फोन हातात घेऊन पळत आला. "मॅडमजी, फोन पे फोन आ रहा है! सब लोग बैठे हैं, आपके बिना मीटिंग शुरू नहीं कर रहे. क्या बोलूं?"

'मॅडमजी' ऐकून पटले भाऊंनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही.

मॅडमनी राजूभाईंना पुठ्ठा दाखवला. "सांग, माझा नंबर यायचा आहे."

मग त्यांनी पोटुशीला आपल्या आधी पाठवलं. तिच्यामागच्या म्हातारीला पाठवलं. लेकराच्या आईला पाठवलं. बाक रिकामं झालं तेव्हा काळे डॉक्टरांनी हाक मारली, "या बाई."

मी दारातच उभी होते. पटले भाऊ माझ्या मागे.

काळे डॉक्टरांनी केसपेपर ओढला. सवयीने आधी कडेच्या रकान्यावर पेन टेकवला आणि विचारलं, "इथं यायला काय सोडून आलात?"

मॅडम त्या रेघेकडे बघत राहिल्या. मी पट्टीने आखलेल्या. मग म्हणाल्या, "मीटिंग."

डॉक्टरांनी लिहिलं, "मीटिंग."

"त्रास काय होतोय?"

"मागच्या पडवीत एक चूल होती. ती दिसत नाही."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना वाटलं असेल, बाईंना भ्रम झालाय. पण बिचारे कामाला प्रामाणिक, पेशंट सांगेल ते लिहायचं. त्यांनी लिहिलं, "तक्रार : चूल दिसत नाही." आणि विचारलं, "किती दिवसांपासून?"

"बक्षीस मिळाल्यापासून."

डॉक्टरांचा पेन उपचाराच्या ओळीवर अडला. मॅडमनी हात पुढे केला, तो पेन त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतला आणि त्या ओळीवर स्वतः लिहिलं.

तो केसपेपर मी उंदरांच्या वाटेवर ठेवलेला नाही. घरी पेटीत आहे, प्लास्टिकमध्ये. त्यावर मॅडमच्या अक्षरात लिहिलंय,

"उपचार : तीन विटा. आत्ता. सही त्यानंतर बघू."